लिबर बी: विल्टशरची हरवलेली वही

(पडद्यावर: यॅटन कीनेल गावातलं दगडी चर्च)

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला विल्टशर ही काउंटी आहे. १६३३ साली तिथल्या यॅटन कीनेल गावच्या चर्चमध्ये सात वर्षांचा जॉन ऑब्री लॅटिन शिकायला बसत असे. पुढे विल्टशरच्या जुन्या खुणा वह्यांत टिपून ठेवणारा हाच तो अभ्यासक, आणि लिबर बी ही त्याचीच वही. पोरांच्या पुस्तकांना तेव्हा जुन्या चर्मपत्रांची वेष्टणं घालायची पद्धत होती. त्या पानांवर सुबक हस्ताक्षर असायचं, रंगवलेली आद्याक्षरं असायची. मजकूर कळायचं ऑब्रीचं वय नव्हतं, पण अक्षरांवर त्याचा जीव जडला.

ही पानं जवळच्या मामझबरी गावच्या मठातली. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला. स्टम्प नावाच्या कापड व्यापाऱ्याने ती वास्तू घेऊन तिथे माग बसवले आणि ग्रंथालयाची वाताहत झाली. ऑब्री लिहितो की, आजोबांच्या काळात हस्तलिखितं फुलपाखरांसारखी उडत होती. मामझबरीचे हातमोजेवाले त्यांतच माल गुंडाळून देत.

त्या व्यापाऱ्याचा पणतू विल्यम स्टम्प यॅटन कीनेलचा धर्मगुरू होता. माणूस दिलदार. मठातली काही हस्तलिखितं त्याच्याकडे होती. खास बिअरचं पिंप भरलं की तो एक पान घ्यायचा, पिंपाच्या भोकात कोंबायचा आणि वरून चिकणमाती थापायचा. याच्याइतकं घट्ट दुसरं काही बसत नाही, असं म्हणायचा. ते पाहून आपल्याला तेव्हाही वाईट वाटलं होतं, असं ऑब्रीने नोंदवून ठेवलंय. १६४७ मध्ये तो मुद्दाम स्टम्पकडे ती हस्तलिखितं बघायला गेला. तोवर सगळं संपलं होतं. धर्मगुरूच्या सैनिक मुलांनी पानांनी बंदुका पुसल्या होत्या.

ऑब्रीचं पुढचं आयुष्य मला या एका धक्क्यातून समजतं.

(पडद्यावर: डिव्हायझेसचा बाजारचौक)

१६५९ चा मार्च. संसदेचे प्रतिनिधी निवडायला काउंटीतली प्रतिष्ठित मंडळी डिव्हायझेसला जमली होती. इतिहासकार विल्यम डगडेलचा वॉरिकशर या दुसऱ्या काउंटीचा इतिहास येऊन तीनच वर्षं झाली होती. आपल्या विल्टशरचाही असा इतिहास हवा, असं कुणीतरी म्हणालं. काम एकट्याचं नव्हे, म्हणून वाटणी झाली. मधला भाग वकील विल्यम यॉर्कने घ्यायचा, उत्तरेकडचा ऑब्रीने. बेत तिथेच विरला. ऑब्रीने मात्र आपला वाटा सोडला नाही.

गावोगाव जाऊन तो चर्चच्या खिडक्यांतली कुलचिन्हं रंगांसकट उतरवून घेई, थडग्यांवरचे लेख टिपून घेई, म्हाताऱ्यांना विचारी. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात किती काचा फुटल्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. १६७० च्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, विसरलेल्या गोष्टी परत आणणं म्हणजे शेकडो वर्षं थडग्यात पडलेल्यांना मांत्रिकाने उठवून चालवण्यासारखं आहे. एव्हाना तो स्वतः कर्जात बुडाला होता, वडिलोपार्जित जमिनी विकल्या जात होत्या. वह्या तेवढ्या त्याने सांभाळल्या.

विल्टशरच्या पुराणवस्तूंवरच्या या नोंदींचे दोन खंड होते, लिबर ए आणि लिबर बी. लिबर म्हणजे लॅटिनमध्ये पुस्तक. आपल्यामागे कागदांचं काय होईल, या काळजीने ऑब्रीने आपली हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात दिली. ते १६८३ मध्ये उघडलं होतं. वही सुरक्षित ठेवायला त्या काळी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. १६९७ मध्ये तो वारला.

१६९७ नंतर सहा वर्षांनी, १७०३ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ विल्यम याने लिबर बी संग्रहालयातून वाचायला नेली. ती परत आली नाही.

ना आग लागली, ना चोरी झाली. सख्खा भाऊ मागतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मला सर्वांत जास्त सलतं ते दुसरंच. ऑब्रीच्या ‘विल्टशरचा निसर्ग-इतिहास’ या हस्तलिखिताची रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेसाठी नक्कल झाली होती, म्हणून त्याच्या दोन प्रती उरल्या, एक ऑक्सफर्डला, एक लंडनला. लिबर बी ची नक्कल करायला कुणी बसलं नाही.

(पडद्यावर: लिबर ए चं पान, कडेला छोटी रंगीत कुलचिन्हं)

लिबर ए उरली. १८६२ मध्ये जॉन एडवर्ड जॅक्सन यांनी ती टिपांसह छापून आणली. जॅक्सन ली डेलामेअरचे धर्मगुरू. यॅटन कीनेलनंतर ऑब्री ज्या गावच्या शाळेत गेला, तेच हे शेजारचं गाव. दोनशे वर्षांत काय काय पडलं, काय टिकलं, ते त्यांनी गावागणिक लिहून ठेवलंय. दुसऱ्या खंडातल्या गावांसाठी त्यांना असा आधार मिळाला नाही.

जुन्या इंग्रज घराण्यांचे कागद आजही लिलावात निघतात. ते चाळणाऱ्यांनी एक नाव ध्यानात ठेवावं, ‘हायपोम्नेमाटा अँटिक्वेरिया’, म्हणजे पुराणवस्तूंची टिपणं. लिबर ए वर ते आहे. आणि अक्षर ताडून बघायचं, तर ऑब्रीच्या हातची ती वही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ठेवलेली आहे.