थंडीत कुत्र्याच्या नाकाला काम द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की आमच्या परभणीकडं पहाटेचा गारठा हाडात शिरतो. पारा कधी कधी ५-६ अंशांवर येतो. आपण शेकोटी पेटवतो, मफलर काढतो आणि दारातल्या कुत्र्याला एक जुनं पोतं अंथरून देतो. पोतं दिलं ते चांगलंच केलं. पण पुढं काय होतं? पहाटे गार म्हणून त्याला फिरवणं बंद होतं, दिवस लहान म्हणून संध्याकाळचंही राहून जातं आणि ते मुकं जनावर दोन-अडीच महिने साखळीला बसून काढतं.

हे मी स्वतः केलेलं आहे. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, ठिपक्या नावाचा गावठी कुत्रा आहे. तीन वर्षांपूर्वी तुरी काढणीला आल्या होत्या, मजूर मिळत नव्हते, माझं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. लिंबाखाली बांधून ठेवला होता. पंधरा दिवसांत त्यानं बुडाशी हातभर खड्डा उकरला. साखळी जिथवर पुरते तिथवर फिरून फिरून जमीन टणक केली. रात्रभर भुंकायचा. शेजारी म्हणाले, कुत्रं चेकाळलंय, सोडून या कुठंतरी. मलाही क्षणभर ते पटलं होतं, हे सांगताना आज जिवाला लागतं. ठिपक्या चेकाळला नव्हता. त्याला दिवसभर करायलाच काही नव्हतं.

कुत्र्याचं सगळं जग नाकात असतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. म्हणून थंडीत त्याला पळवायला जमलं नाही तरी शोधायला लावा. नाकानं शोधून कुत्रं किती दमतं, हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

मी सुरुवात भाकरीनं केली. चतकोर भाकरीचे पाच-सहा तुकडे केले. पहिला त्याच्या डोळ्यांदेखत पोत्याखाली ठेवला, म्हणजे खेळ काय आहे हे त्याला कळलं. मग त्याला आत ठेवून बाकीचे तुकडे लपवले: एक औताच्या जुन्या लाकडामागं, एक पालथ्या टोपल्याखाली, एक बांधावरच्या दगडाआड. सोडल्याबरोबर तो आधी सैरावैरा धावला. मग थांबला. मान खाली गेली, नाकपुड्या फुलायला लागल्या, बारीक सूं-सूं आवाज यायला लागला. टोपल्यापासून चार पावलं पुढं गेला आणि कुणी दोरीनं ओढावं तसा गर्रकन मागं वळला. टोपलं नाकानं उलटवलं तेव्हा त्याची शेपटी अशी हलत होती की सगळं मागचं अंग हलत होतं. पंधरा मिनिटांत सगळे तुकडे सापडले आणि तो उन्हात आडवा पडला. त्या रात्री भुंकणं निम्म्यावर आलं.

आता आमची लेकरंच हा खेळ चालवतात. पोत्याला गाठी मारून आत भाकरी कोंबतात, नाहीतर कडब्याच्या गंजीमागं स्वतःच लपतात आणि त्याला शोधायला लावतात. फक्त गंजीत हात घालण्याआधी काठीनं आपटून बघा. उबेला तिथं विंचू असतात.

फिरवायची वेळ मात्र बदला. आपल्याकडच्या थंडीचं बरं असं की नऊ वाजता ऊन छान पडतं. तेव्हा निघा, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत या. म्हातारं कुत्रं असेल तर त्याचे सांधे सकाळी आखडलेले असतात. आधी उन्हात बसू द्या, मग हळूहळू चालवा. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची कारवानी आणि पश्मी कुत्री नावाजलेली आहेत. ही जात नाकापेक्षा नजरेनं शिकार धरणारी. अंगावर चरबी नसते, त्यामुळं गारठा लवकर लागतो, आणि पळाल्याशिवाय तर त्यांना राहवतच नाही. त्यांच्यासाठी लांब दोरीला फडकं बांधा आणि मोकळ्या रानात ओढत पळा. ससा किंवा काळवीट यांच्या मागं सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि ते जीवही आपल्याच शिवारातले आहेत.

घरी आल्यावर एक काम चुकवू नका. या दिवसांत गवत वाळलेलं असतं. कुत्र्याचा पंजा हातात घ्या, बोटं फाकवा आणि मधली कातडी बघा. कुसळ तिथं शिरतं आणि मागं यायचं नाव घेत नाही, आत आतच सरकतं, मग गाठ येते, पू होतो. कानही बघा. कुत्रं सारखं डोकं झटकत असेल तर घरी काड्या घालत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. हरभऱ्यावर, तुरीवर नुकतीच फवारणी झाली असेल त्या रानात तर पायच ठेवू देऊ नका.

खाण्याचंही बोलतो. चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य कुत्र्याला द्यायची आपली रीत आहे, आणि ती मला फार आवडते. पण नैवेद्यातल्या वांग्याच्या भरतात कांदा आणि लसूण असतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून रोडग्याचा कोरडा तुकडा द्या, भरीत देऊ नका. वेळ अमावास्येची भज्जी आणि हुरड्यासोबतची लसणाची चटणी यांनाही तेच लागू. बेदाणे आणि चॉकलेटही नको. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, तेव्हा भांड्यात कोमट पाणी ठेवा. आणि शेकोटी विझल्यावर राखेत झोपायची त्यांना सवय असते, तिथं निखारा राहिलेला नाही ना, हे झोपण्याआधी बघून घ्या.

आज रात्री जेवताना चतकोर भाकरी बाजूला काढून ठेवा. उद्या नऊच्या उन्हात तिचे तुकडे अंगणात लपवा आणि साखळी सोडा. नमस्कार.