माफी वेगळी, साक्ष वेगळी

(विठ्ठल मंदिर. भजन संपत आलंय.)

वारकऱ्यांत लहानथोर बघत नाहीत. भजन संपलं की माणसं एकमेकांच्या पाया पडतात. सासू सुनेच्या, मालक गड्याच्या. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या या गावातही ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय.

याच रीतीमुळं एका आईनं देवळात येणं सोडलं. समोरच्या रांगेत बसणाऱ्या बाईच्या मुलानं हिच्या मुलाचा जीव घेतला होता.

तिचं आणि गावाचं नाव आम्ही सांगणार नाही, तसं तिनंच बजावलंय. जत्रेतली बाचाबाची आणि मग कोयता. त्या रात्रीबद्दल एवढंच पुरे.

(स्वयंपाकघर. तांदळाचा डबा.)

मुलाचे दिवसकार्य झाले आणि तिनं गळ्यातली तुळशीची माळ काढली. टाकून देववेना, म्हणून या डब्यात ठेवली. रोज भातासाठी तांदूळ काढताना माळ बोटांना लागायची. ती बाजूला सारायची आणि माप भरून घ्यायची. असं कितीतरी वर्षं चाललं.

ती म्हणते, “देवाला सोडलो न्हाई मी. पर त्याच्यासंगं बोलणं सोडलो.”

याला कुणी अश्रद्धा म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. ज्याच्याशी अबोला धरावा, तो आपला असावा लागतो.

(गावातला पार.)

मग समजूत घालणारी माणसं यायला लागली. जुना घरोबा असलेली, चार लोकांत मान असलेली. ‘झालं ते झालं, त्याचीही आई आहे.’ पैशाचीही गोष्ट निघाली. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: ‘माळकरी म्हणवतेस, मग माफ कर की!’

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खुनाचा खटला आपसात मिटत नाही. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 302 होतं. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं. तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तेव्हाही खून नव्हता, आजही नाही. खटला सरकार चालवतं, आईच्या माफीनं तो थांबत नाही. मग तिच्याकडं माफी मागितली जाते ती कशासाठी? साक्ष फिरावी म्हणून. देवाचं नाव घेऊन आईचं तोंड बंद करणं हा तिच्यावर दुसरा घाव आहे, आणि तो घालणारी माणसं गावात ताठ मानेनं फिरतात.

तिनं साक्ष फिरवली नाही. बेळगावच्या सेशन्स कोर्टात ती मराठीत बोलली, लिहून घेतलं गेलं कन्नडमध्ये. सही करण्याआधी ती म्हणाली, मला कळेल असं वाचून दाखवा. वाचून दाखवल्यावरच तिनं सही केली. खून करणाऱ्या त्या मुलाला जन्मठेप झाली. तो हिंडलग्याच्या तुरुंगात गेला.

(जुनी छायाचित्रं: सिस्टर राणी मारिया.)

क्षमेची गोष्ट निघाली की सिस्टर राणी मारियांचं नाव हमखास येतं. केरळच्या या ख्रिस्ती जोगिणीचा 1995 साली मध्य प्रदेशात खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल 2002 साली तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. पुढं घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी धडपड केली आणि 2006 मध्ये तो सुटला. सांगणारे राखीवर भरभरून बोलतात. पण खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं आहेत. त्या वर्षांत त्या घरात जेवणं कशी झाली असतील, हे कुणी विचारत नाही.

(मंदिर. सप्ताहाचा शेवटचा दिवस.)

इथंही वर्षं गेली. गावात ज्ञानेश्वरीचं पारायण बसलं होतं. ती मागं, खांबाला टेकून बसली. पसायदान सुरू झालं. दुष्टांचं दुष्टपण जावो, असं मागणारी ओळ आली तेव्हा ती गप्प राहिली. बाकीचं म्हणाली.

मग माणसं उठली, पाया पडायला लागली. ती दुसरी आई तिच्यापुढं वाकली.

“पाय मागं घेणार होतो. घेतलो न्हाई. पर मी काय वाकलो न्हाई. अजून जमत न्हाई.”

त्यानंतर माळ डब्यातून पुन्हा गळ्यात आली. माफ केलंत का, असं विचारलं तर ती चिडते. म्हणते, “पाय मागं घेतलो न्हाई एवढं लिवा. त्याच्याफुडचं तुमच्या मनानं लिवू नका.”

(घराचा ओटा. दुपार.)

अलीकडं त्या मुलानं पॅरोल मागितला. पोलीस चौकशीला आले आणि तिलाही विचारून गेले: तो गावात आला तर तुमची हरकत आहे का? शेजारपाजारचे कान देऊन उभे होते.

तिनं पोलिसांना सांगितलं, “यीऊ दे. आईला भेटू दे, ती बी म्हातारी झालीया. पर माझ्या दारावरनं जाऊ नको म्हणा. देवळामागनं वाट हाय, तिकडनं जा म्हणा.”