जुन्या बागा सावरताना

नाशिककर श्रोतेहो, नमस्कार.

मध्यवस्तीतल्या शिवाजी उद्यानापासून गोदाकाठच्या बागांपर्यंत दुरुस्ती कुठेही निघो, पहिला खर्च नव्या फरशीवर होऊ नये. आधी झाडांच्या बुंध्यांना भिडलेलं काँक्रीट काढावं.

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यांच्यावर पेव्हर ब्लॉक बसले की हवा-पाणी तुटतं, शेंडा वाळू लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हे अंतर किमान समजा. जुन्या वडाला, चिंचेला दोन मीटर तरी आळं हवं. काम छिन्नी आणि पहारीनेच करा. जेसीबीच्या दातात मुळं फाटतात आणि तिथून कूज शिरते. भर मे महिन्यात मुळं उघडी पाडू नका, पाऊस स्थिरावू द्या. मग दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत मिसळून आळं भरा, वर पाचोळा पसरा. बुंध्याला मात्र माती चढवू नका, साल कुजते.

पन्नास वर्षांवरचं झाड कायद्याने वारसा वृक्ष आहे. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातली 2021 ची ही दुरुस्ती ठेकेदाराला आधीच दाखवा.

आता दगडकाम. आपला काळा दगड घट्ट. भिंतीतली ओल बाहेर पडते ती दर्जांतूनच, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांतून. त्या सिमेंटने भरल्या की पाणी आत कोंडतं, पुढे सिमेंट तडकतं आणि फटीत पिंपळ रुजतो. तो नुसता उपटू नका. मूळ आत राहतं, दगड मात्र हलतो. दर्जा इंचभर खोल हाताने खरवडा. एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची पूड, दोन भाग वाळू घेऊन भरा. हे काम दिवाळीनंतरचं. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट हवंच, नाहीतर चुना भुसभुशीत होतो.

कारंज्याचा हौद फोडण्याआधी तपासा. हौद भरा, आत पायरीवर पाण्याची बादली ठेवा, दोन्हींच्या पातळीवर खूण करा. चोवीस तासांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ती वाफ. हौदात जास्त उतरलं तरच गळती.

जुने घडीव दगड निविदेत 'मलबा' म्हणून गेले की परत येत नाहीत. 'क्रमांक टाकून उतरवणे, साठवणे, त्याच जागी बसवणे' ही बाब निविदेत वेगळी लिहायला लावा.