पट्टीवर नसलेलं गिऱ्हाईक

(दृश्य: देवगड तालुक्यातली हापूसची बाग. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, आंबा उतरवला जातोय.)

निवेदन:
एप्रिलचा पहिला आठवडा. आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालाय. याआधी काढला तर गोडी धरत नाही, झाडावर जास्त ठेवला तर साका, म्हणजे आतला गर खराब होण्याची भीती. देठासकट उतरवायचा, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही.

एवढ्या निगुतीनं भरलेली पेटी वाशीच्या बाजारात गेली, की बागायतदाराचा तिच्याशी संबंध संपायचा. मागून दलालाची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, यायची. भाव, भाडं, हमाली सगळं त्यात असायचं. आंबा कुणाच्या घरी गेला आणि कसा निघाला, एवढंच नसायचं.

(दृश्य: सोसायटीच्या फाटकाशी उभा टेम्पो, उतरणाऱ्या पेट्या.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तीही हंगामाच्या तोंडावर. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी आपापल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागणी गोळा केली आणि कोकणातून टेम्पो थेट फाटकाशी येऊ लागले. कितीतरी बागायतदारांच्या हाती गिऱ्हाइकांचे नंबर पहिल्यांदाच आले ते तेव्हा.

व्हॉट्सअॅप बिझनेस २०१८ पासूनच होतं. फोटो, भाव, पेटीचा आकार, सगळं त्यावर मांडता येतं. पण त्यातली एक अट फार मोलाची आहे. ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच. डोंबिवलीतल्या एखाद्या फोनमध्ये ‘देवगड आंबेवाले काका’ असं नाव असेल, तरच काकांचा निरोप तिथे वाजणार. कुठून तरी मिळवलेली हजार नंबरांची यादी इथे कामाची नाही.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर कापलेल्या आंब्याचा फोटो.)

आणि मग एक दिवस असा फोटो येतो. कापलेली फोड, कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा गर. साका. तो बाहेरून दिसत नाही, चाळीस वर्षं बागेत काढलेल्या माणसालाही नाही. त्यामुळे ‘आमचा काय दोष?’ असं म्हणावंसं वाटतं, आणि ते खोटंही नाही. पण गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत. माझ्या मते धंद्याची खरी परीक्षा या एका फोटोवर होते. उत्तर त्याच संध्याकाळी जायला हवं.

‘ताई, साका निघालाय. किती फळांत आहे? पैसे परत पाठवू, की पुढच्या पेटीत तेवढी फळं वाढवून देऊ?’

एवढंच पुरतं. उत्तर गेलं नाही, तर तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि अख्खी इमारत हातची जाते.

(दृश्य: डिसेंबर. मोहरलेलं कलम.)

हंगामाबाहेरचं बोलणंही तितकंच महत्त्वाचं. मोहर आला की त्याचा फोटो, तुडतुडा ही कीड पडली की तेही, अवकाळी पावसानं मोहर काळा पडला तर तोही दाखवायचा. हे ज्यांनी पाहिलंय ते मार्चमध्ये ‘पहिली पेटी एवढी महाग का?’ असं विचारत नाहीत. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात परप्रांतीय आंबा विकला जातोच. झाड मोहरल्यापासून पाहिलेल्या माणसाला असा आंबा गळ्यात मारणं सोपं नसतं.

(दृश्य: जूनचं ढगाळ आभाळ. बागायतदार मोबाइलवर बोट फिरवत निरोप लिहितोय.)

पाऊस पडला की फळमाशी लागते. मागणी अजून असते, झाडावर थोडा आंबाही असतो. अशा वेळी यादीवर जाणारा निरोप असा:

‘नमस्कार मंडळी. काल इकडे पाऊस झाला. आता पेटी पाठवत नाही, उरलेला माल कॅनिंगला देतोय. ज्यांचे आगाऊ पैसे आलेत, त्यांना आजच परत करतो.’