भोके पाडलेला स्पीकर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टकोमा या शहरातल्या ‘द सॉनिक्स’ या पाच जणांच्या बँडचा ‘हिअर आर द सॉनिक्स’ हा पहिला अल्बम 1965 साली निघाला. गॅरेज रॉक, म्हणजे तरुण हौशी बँडांचा राकट, कच्चा रॉक, ऐकणाऱ्यांत त्याच्याविषयी आजही दोन तट आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की हे रेकॉर्डिंगच सदोष आहे. गायकाचा आवाज फाटतो, गिटार खरखरते आणि ड्रम अंगावर येतात. दुसरी बाजू नेमक्या याच गोष्टींवर जीव टाकते आणि हा कच्चेपणा म्हणजेच खरेपणा, असे सांगते. पहिले मत मी समजू शकतो, कारण हा अल्बम प्रथम ऐकताना हेडफोनची पिन नीट बसली नसावी असे वाटून मी ती दोनदा काढून पुन्हा लावली होती. परंतु दुसरे मतही मला पुरते पटत नाही. ही मुले हाताला येईल तसे वाजवत सुटली आणि नशिबाने काहीतरी चांगले घडले, असे त्यात नकळत गृहीत धरलेले असते, आणि तो या वादकांवर अन्याय आहे.

गिटारवादक लॅरी पॅरिपा अ‍ॅम्प्लिफायरशी सतत खटपट करीत असे. हवा तसा फुटका सूर मिळावा म्हणून स्पीकरला बर्फ फोडण्याच्या टोच्याने भोके पाडण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजतो, तो त्याने मेहनतीने मिळवलेला होता.

ड्रमची गोष्ट तर याहून बोलकी आहे. रेकॉर्डिंग दोन ट्रॅकच्या, म्हणजे आवाज दोनच वेगळ्या पट्ट्यांवर टिपणाऱ्या, यंत्रावर झाले आणि बॉब बेनेटच्या सबंध ड्रमसंचासाठी एकच मायक्रोफोन होता. संचातील प्रत्येक वाद्यापुढे वेगळा मायक्रोफोन असेल, तर एखाद्याचा आवाज वरचढ झाला तरी तो मागाहून खाली आणता येतो. इथे ती सोयच नसल्यामुळे झांजेवर किती जोर द्यायचा आणि स्नेअर या कडकडीत आवाजाच्या ड्रमवर किती, याचा तोल वादकाला वाजवता वाजवताच सांभाळावा लागला. त्याच राज्यात वाढलेल्या ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने पुढे एका मुलाखतीत, एका मायक्रोफोनवर टिपलेल्या या ड्रमइतका विलक्षण आवाज आपण दुसरा ऐकलेला नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणखी एक आक्षेप वारंवार घेतला जातो, तो म्हणजे बारा गाण्यांपैकी बँडची स्वतःची गाणी चारच आहेत. आक्षेप खरा आहे, आणि उरलेल्यांतली दोन-तीन गाणी वगळली असती तरी काही बिघडले नसते, असे मलाही वाटते. मात्र रिचर्ड बेरीचे ‘हॅव लव्ह, विल ट्रॅव्हल’ ऐकताना ही तक्रार गळून पडते. गिटार आणि रॉब लिंडचा सॅक्सोफोन एकच तुकडा खांद्याला खांदा लावून वाजवतात आणि मूळचे हलकेफुलके गाणे धमकी दिल्यासारखे होऊन जाते. गायक जेरी रोझलीने लिहिलेली चार गाणी तर त्या काळच्या प्रेमगीतांच्या जवळपासही फिरकत नाहीत. त्यांतले एक आहे ‘स्ट्रिकनीन’, म्हणजे कुचल्यातले जहाल विष. लोक पाणी पितात, वाइन पितात, आपल्याला मात्र हेच रुचते, असे तो घसा फोडून सांगतो आणि ती किंकाळी ऐकताना आपल्याला क्षणभर ते खरेही वाटते.

कच्चेपणा केवळ साधनांच्या तुटवड्यातून आला असता, तर चांगला स्टुडिओ मिळताच या बँडचे सोने व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तिसऱ्या अल्बमसाठी ते हॉलिवूडच्या सुसज्ज स्टुडिओत गेले, तिथे सगळे घासूनपुसून स्वच्छ झाले, आणि तो अल्बम खुद्द वादकांनाच आवडला नाही.

आता याच पहिल्या अल्बममधील ‘द विच’ आपण ऐकणार आहोत. गिटार, सॅक्सोफोन आणि बाकीची वाद्ये मध्येच थांबतील आणि काही क्षण ड्रम एकटेच पुढे येतील, तिकडे कान द्यावा. रेडिओचा आवाज थोडा वाढवलात तर फारच उत्तम.