गणपतीला येताना लसीचं कार्ड पण आणा म्हणावं

मागे ऐकू येतंय ना? बरं. आशाताई म्हणाली, मॅडम गोवरावर बोला पण गणपतीच्या आधी बोला, आणि ते तिनं बरोबर ओळखलंय. दोन आठवड्यांत चाकरमानी येणार, एसट्या भरून, रेल्वेच्या दारात उभे राहून, एकेका घरात वीस-पंचवीस माणसं, सगळी पोरं पडवीत एका सतरंजीवर. गोवराला अजून काय हवं! आजारी पोर खोकून खोलीतनं निघून गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तास राहू शकतो. आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच ते पोर दुसऱ्यांना देत असतं, तेव्हा नुसता ताप, नाक गळतंय, डोळे लाल, आपण म्हणतो प्रवासाची दगदग झाली असेल.

इथं बोटीवाले बरेच दिसतायत म्हणून सांगते. तिकडे उत्तर अटलांटिकात फॅरो बेटं आहेत, मासे आणि मेंढ्यांवर जगणारी. ६५ वर्षं तिथं गोवर नव्हता. १८४६ साली तो जहाजातनं आला आणि साधारण ७८०० वस्तीतली ६००० माणसं काही महिन्यांत आडवी झाली. पानम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरला तर १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेलेला त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही परत झाला नव्हता. शरीर एवढं लक्षात ठेवतं, लस त्याच आठवणीचं काम करते, फक्त आजारपण न देता. पानमनं अजून एक पकडलं, लागण झाल्यापासनं पुरळ यायला साधारण चौदा दिवस लागतात. आता हिशोब करा, गणपतीत लागण झाली तर इथल्या पोराला पुरळ येईल तेव्हा पाहुणे कधीच परत गेलेले असणार, कुणाला पत्ता पण नाही कुठनं आला ते.

एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिल्यानं साधारण ८५ टक्के पोरांना संरक्षण मिळतं, उरलेल्यांसाठी दुसरा. आणि राहतो तो दुसराच, कारण तेव्हाच त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा, बूस्टर असतो, मांडी दुखते, पोर रात्रभर रडतं, मग आई म्हणते पुढच्या महिन्यात बघू.

माझ्याच घरातलं सांगते. भाच्याच्या मुलाचा पहिला डोस विरारला झाला, मग सून कामाला लागली, पोर गावाला आजीकडे आलं आणि कार्ड राहिलं विरारच्या कपाटात. तिकडच्यांना वाटलं गावाला घेतला असेल, इकडच्यांना वाटलं मुंबईत झाला असेल, आणि मी आयुष्यभर पोरांना सुया टोचलेली बाई, मलाही विचारायचं सुचलं नाही. पोर तीन वर्षांचं झाल्यावर कळलं! तरी चालतं हां, राहिलेली एमआर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळते. साध्या सर्दीसाठी थांबायचं नाही.

आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, त्यांच्या पोरांना कोण विचारतं? बागवाल्यांनी विचारा. बोटीवरच्या खलाशांची पोरं पण.

आता आजी, तुम्ही मान हलवताय ती मला दिसतेय. दाराला कडुलिंब लावा, माझी हरकत नाही, पोराला वेगळं निजवायचं आणि बाहेरच्याला घरात घ्यायचं नाही ही जुनी रीत तर चांगलीच. पण देवी आलीय म्हणून औषध बंद आणि जेवण तोडायचं, हे नको. गोवरानंतर न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे पण जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर व्हिटॅमिन एचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. श्वास जोरात चालला की थेट दवाखाना, अंगारा नंतर लावा.

काय काकू? जाऊबाई नालासोपाऱ्याला, तिचं कार्ड तुम्ही कसं बघणार? लावा की फोन, आत्ताच, स्पीकरवर टाका. मी बसते.