नितळ पाण्याचे दिवस

समशीतोष्ण प्रदेशातील अनेक खोल सरोवरांत वसंत ऋतू सरता सरता पाणी एकाएकी नितळ होते. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते हे टिपून ठेवायचे, ही अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली साधी पद्धत आजही चालू आहे. महिन्याभरापूर्वी दोन-तीन मीटरवर हरवणारी तबकडी या दिवसांत त्याहून कितीतरी खाली जाऊनही दिसत राहते. काठावरून पाहणाऱ्याला वाटते की पाणी आपोआप निवळले असावे. प्रत्यक्षात ते गाळले गेलेले असते.

याची सुरुवात बर्फ वितळताना होते. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. पृष्ठभागाचे पाणी त्या तापमानाला आले की वरपासून तळापर्यंत घनता जवळपास सारखी होते आणि वारा सगळे सरोवर ढवळून काढतो. तळाजवळ साठलेली पोषकद्रव्ये वर येतात, दिवस मोठा होत असतो, आणि डायटम हे एकपेशीय शैवाल झपाट्याने वाढू लागते.

त्यांतले ॲस्टेरिओनेला सूक्ष्मदर्शकाखाली अगदी चांदणीसारखे दिसते : बहुधा आठ लांबट पेशी, एका टोकाला जुळलेल्या, आणि प्रत्येकीभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचे, कवच. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात शैवालांचे अभ्यासक जॉन लुंड यांनी वर्षानुवर्षे या पेशी मोजल्या. विरघळलेली सिलिका लिटरमागे सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेली की वाढ थांबते, हे त्यांतून स्पष्ट झाले. त्या वेळी प्रकाश असतो, ऊबही असते. फक्त कवच घडवायला सिलिका उरलेली नसते.

डायटम ओसरत असतानाच, पाणी गाळून त्यातले शैवाल खाणाऱ्या डॅफ्नियाची संख्या वाढत जाते. जेमतेम दोन मिलिमीटरच्या या प्राण्याचे शरीर इतके पारदर्शक असते की धडधडणारे हृदय, खाल्लेल्या शैवालाने हिरवे झालेले आतडे आणि पाठीच्या पिशवीतली अंडी एकाच वेळी दिसतात. अनुकूल काळात माद्या नराशिवायच पिले देतात, त्यामुळे काही आठवड्यांत त्यांची दाटी होते. ऐन भरात असताना वरच्या थरातले जवळजवळ सगळे पाणी एका दिवसात त्यांच्या गाळणीतून जाऊ शकते. नितळ पाण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे आहे. अन्न संपले आणि माशांची पिले त्यांच्यावर तुटून पडली की हा काळही संपतो. उन्हाळ्यात खायला अवघड अशा मोठ्या शैवालांची आणि पोषकद्रव्ये जास्त असतील तिथे नील-हरित जीवाणूंची चलती होते. परिस्थिती बिघडू लागली की डॅफ्निया जाड कवचाची अंडी घालतात. ती गाळात अनेक वर्षे, कधी कधी कित्येक दशके, तग धरतात.

हा सगळा क्रम वेळ साधण्यावर उभा आहे, आणि म्हणूनच अमेरिकेतील सिॲटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरातील नोंदी चिंता वाढवणाऱ्या आहेत. १९६२ पासूनच्या चार दशकांत तिथले पाणी लवकर तापून थरांत विभागू लागले आणि डायटमचा बहर २० दिवसांहून अधिक अलीकडे सरकला. केराटेला या सूक्ष्म प्राण्याने त्या बदलाशी बरेचसे जुळवून घेतले. डॅफ्नियाला ते जमले नाही आणि त्यांची संख्या घटत गेली. आता तिथे डायटमचा बहर ओसरू लागतो, तेव्हा डॅफ्नियाची दाटी अजून व्हायची असते.